गॅलरीतील वासंतिक बाग आणि कीटकांचे वेळापत्रक

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडे तोंड असलेली सुमारे 10 फूट लांब व 4 फूट रुंद गॅलरी आहे, तिच्यात दुधी आणि कारल्याचे वेल आहेत. फुले भरपूर येतात, पण बोटाएवढी झालेली फळे पिवळी पडून गळतात. मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून आपण रोज सकाळी 8 वाजता नरफूल मादीफुलावर फिरवता, तरीही दुधी टिकत नाही. आता फाल्गुन सुरू आहे, तेव्हा मधमाश्या आणि फुलपाखरे यावीत यासाठी काय लावावे, आणि मधमाश्यांची पेटी विकत आणून ठेवावी का, असे आपले पुढचे प्रश्न आहेत. गेली 26 वर्षे मी पुण्यातील गच्च्यांवर व गॅलऱ्यांमध्ये बागा लावून देते. हेच प्रश्न दर वसंतात माझ्याकडे येत असल्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

प्रथम दुधीविषयी, कारण तेथे चूक केवळ वेळेची आहे. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास उमलते, रात्रभर उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढू लागले की मिटते. या फुलाचे पाहुणे म्हणजे तिन्हीसांजेला व रात्री उडणारे पतंग. दिवसाच्या मधमाशीशी त्याचे फारसे देणेघेणे नाही. सकाळी 8 वाजता आपण जे नरफूल खुडता त्यातील परागकण रात्रभरात निस्तेज झालेले असतात आणि मादीफुलाचीही उमेद ओसरलेली असते. म्हणून दुधीचे हस्तपरागीभवन संध्याकाळी 6 ते साडेसातच्या दरम्यान, त्याच दिवशी उमललेल्या फुलांनी करावे. दोडक्याची पिवळी फुलेही संध्याकाळीच उमलतात. याउलट घोसाळे, काकडी, लाल भोपळा आणि आपले कारले यांची फुले पहाटे उमलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी सकाळी 6 ते 8 ही वेळ योग्य आहे. लाल भोपळ्याचे फूल तर 9 वाजेपर्यंत मलूल होऊ लागते. मादीफुलाच्या मागे देठाशी इवलेसे फळ असते आणि नरफुलाचा देठ सडपातळ व सरळ असतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. नरफुलाच्या पाकळ्या मागे दुमडून मधला परागकोश मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच, सगळीकडून टेकवावा. एका मादीफुलासाठी दोन नरफुले वापरली तर फळ वाकडे होण्याची शक्यता कमी होते, कारण पराग सर्व बाजूंनी सारखा पोहोचतो.

कारल्याची गळ मात्र नीट पाहून ठरवावी लागेल. गळालेले फळ हातात घेऊन उभे चिरा. आत अळ्या नसतील, सालीवर टोचल्याची खूण नसेल आणि फळ टोकाकडून पिवळे पडत सुकले असेल, तर परागीभवन झालेले नाही असे समजावे. फळावर बारीक छिद्र, त्यातून पाझरलेला चिकट थेंब आणि आत पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर तो फळमाशीचा प्रताप आहे आणि तेथे कितीही मधमाश्या आल्या तरी उपयोग नाही. अशी फळे कुंडीत न टाकता पिशवीत बांधून बाहेर काढावीत आणि वेलाजवळ फळमाशीचा कामगंध सापळा टांगावा. तिसरे कारण म्हणजे कुंडी. दुधीचा वेल 10 इंची कुंडीत वाढतो, फुलतो, पण फळ पोसत नाही. त्याला निदान 20 ते 25 लिटर मातीचा डबा हवा, आणि चैत्रातील उन्हात दुपारपर्यंत माती कोरडी पडत असेल तर वेल स्वतःच फळे टाकून देतो. लांबलेला दिवस आणि चढता पारा यांमुळे या वेलांवर नरफुलांचे प्रमाण वाढते, ही गोष्टही ध्यानात असावी. मुख्य वेल 5-6 फूट झाल्यावर त्याचा शेंडा खुडला की बगलफांद्या फुटतात आणि मादीफुले बहुधा तेथेच येतात.

आता मधमाश्या का येत नाहीत, याकडे वळू. वसंत म्हणजे फुलांचा ऋतू, मग आपल्या गॅलरीतच दुष्काळ का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण नेमका वसंत हेच त्याचे कारण आहे. माघापासून पुण्याच्या रस्त्यांवर काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात, शेवगा व आंबा मोहरलेले असतात, त्यांच्या पाठोपाठ करंज, कडुनिंब आणि जांभूळ येतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत बहावा व ताम्हण. एक मोठा करंज फुलला की त्याच्यावर लाखो फुले एकाच वेळी उपलब्ध असतात. मधमाशीचा व्यवहार फार काटेकोर असतो: एका फेरीत ती शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते आणि जेथे मध व पराग घाऊक प्रमाणात मिळतो तेथे पोळ्यातील इतर कामकरी माश्यांनाही नाचून पत्ता सांगते. समोर मोहरलेला करंज असताना तिसऱ्या मजल्यावर चार कुंड्यांत चार प्रकारची फुले शोधत ती येणार नाही. म्हणून माझा आपल्याला पहिला सल्ला असा की फाल्गुनात मधमाशी दिसली नाही याचे वाईट वाटून घेऊ नये. आपली तयारी झाडांचा बहर ओसरल्यानंतरच्या दिवसांसाठी, म्हणजे वैशाखाच्या उत्तरार्धापासून पावसाळ्यापर्यंतच्या काळासाठी असावी. त्या वेळी शहरात फुले विरळ होतात आणि आपल्या 40 चौरस फुटांना खरी किंमत येते. वसंतात पेरायचे ते यासाठी.

पाहुणे कोण आहेत हे माहीत असले की काय लावायचे ते आपोआप ठरते. आपल्याकडे पोळे करणाऱ्या मधमाश्यांच्या चार देशी जाती दिसतात. उंच इमारतींच्या सज्जाखाली एकच मोठे उघडे पोळे लावणारी आग्या, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी, झुडपात किंवा गॅलरीच्या गजावर तळहाताएवढे पोळे लावणारी छोटी फुलोरी, आणि नांगी नसलेली, मुंगीएवढी काळी पोया. यांच्याखेरीज एकएकट्या राहणाऱ्या माश्या असतात, आणि माझ्या अनुभवात गॅलरीच्या बागेला त्यांचाच आधार अधिक आहे. घोंघावणारा काळा भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी, पाने कातरणारी माशी या त्यांतल्या ठळक जाती. वांगे आणि टोमॅटो यांच्या फुलांतील पराग टोकाच्या बारीक छिद्रातून, फूल थरथरले तरच बाहेर पडतो. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून पंखांचे स्नायू असे कंप पाववतात की पराग झडतो. पोळ्यातल्या मधमाश्यांना ही कला अवगत नाही. त्यामुळे मधमाशी नसली तरी वांगी लागतात, आणि टोमॅटोच्या फुलांच्या घोसाला सकाळी 9-10 वाजता टिचकी मारली तरी काम भागते. मात्र पारा 35 अंशांच्या वर राहू लागला की टोमॅटोचे पराग निर्जीव होत जातात. एप्रिलमध्ये फूल गळले तर त्याचा दोष कीटकांना देऊ नये.

आणखी एक पाहुणी म्हणजे सिरफिड माशी. पिवळे-काळे पट्टे पाहून तिला लोक गांधीलमाशी समजून मारतात. ती हवेत एका जागी तरंगते, चावत नाही, तिला नांगीच नसते, आणि तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. मावा पडला म्हणून फवारणी करण्याआधी पानांखाली पारदर्शक-हिरवट, पाय नसलेल्या अळ्या आहेत का ते भिंगातून पाहावे.

लागवडीत माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: प्रकार थोडे आणि प्रत्येकाच्या कुंड्या एकत्र. आपल्या गॅलरीत चालायला जागा ठेवून 20 ते 22 कुंड्या बसतील. त्यांत वीस जातींची वीस रोपे लावण्यापेक्षा पाच जातींची प्रत्येकी चार रोपे, एकमेकांना खेटून ठेवावीत. उडत्या माशीला दुरून एक ठिपका दिसत नाही, पट्टा दिसतो. सुरुवातीच्या काळात मीदेखील रोपवाटिकेतून रंग पाहून पिटुनिया, दुहेरी पाकळ्यांचे झिनिया आणि गच्च भरलेले गुलाब आणत असे. बाग देखणी झाली, पण सबंध उन्हाळ्यात तिच्यावर माशी बसलेली मला आठवत नाही. पाकळ्यांची गर्दी वाढवताना पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते, त्यामुळे तेथे पराग कमी आणि मधापर्यंत पोहोचायला वाटही नाही. झेंडू, झिनिया, सूर्यफूल यांचे एकेरी पाकळ्यांचे, मध्ये पिवळी चकती उघडी दिसणारे वाणच घ्यावेत.

या पाचांत पहिला मान तुळशीला द्यावा. पूर्वेचे ऊन तिला मानवते आणि तिच्या मंजिऱ्यांवर सातेरी, फुलोरी, पोया, निळ्या पट्ट्यांची माशी अशा सगळ्याच येतात. अडचण अशी की आपण मंजिऱ्या खुडतो, आणि तुळस दीर्घकाळ हिरवी राहावी म्हणून ते योग्यही आहे. त्यावर तोडगा म्हणजे वृंदावनातील तुळस आपल्या रीतीप्रमाणे सांभाळावी आणि तीन-चार कुंड्यांत वेगळी तुळस किंवा सब्जा मोकळेपणी फुलू द्यावा. सब्जाचे बी वाणसामानाच्या दुकानात मिळते आणि ते सहज रुजते. दुसरे पीक स्वयंपाकघरातलेच: कोथिंबीर, बडीशेप, शेपू. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते म्हणून लोक ती उपटून टाकतात. तशी न उपटता राहू द्यावी. तिच्या पांढऱ्या छत्र्यांत मध उघड्यावर असतो, त्यामुळे आखूड सोंडेच्या पोया आणि सिरफिड माश्यांना तो सहज मिळतो. तिसरे, पिवळा-नारिंगी कॉसमॉस, जो उन्हाला दाद देत नाही आणि हलक्या मातीत अधिक फुलतो. खत जास्त दिले तर तो केवळ वाढतो. चौथे, बुटक्या वाणाचे सूर्यफूल, 12 इंची कुंडीत एकच रोप. पाचवे, ज्याला आपण ऑफिस टाइम म्हणतो ते पोर्टुलाका. एकेरी फुलांचे, कठड्यावर टांगलेल्या उथळ कुंडीत, जेथे ऊन सर्वाधिक आहे तेथे. हे फूल सकाळी 9-10 च्या सुमारास उघडते आणि दुपारनंतर मिटते, त्यामुळे माश्यांची त्यावरील गर्दीही कचेरीच्या वेळेतच असते.

पेरणी एकदम करू नये. कॉसमॉस व सूर्यफूल साधारण दोन महिन्यांत फुलावर येतात, म्हणून पहिली पेरणी आता, दुसरी 15 दिवसांनी आणि तिसरी गुढीपाडव्यानंतर अशी करावी, म्हणजे मे महिन्यात एक कुंडी सुकत असताना दुसरी उमलत असेल. मिश्रणासाठी निम्मी चाळलेली माती, उरलेल्यात निम्मे कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि निम्मा कुजलेला पालापाचोळा पुरतो. मातीवर दोन बोटे जाडीचे वाळल्या पानांचे आच्छादन घालावे. उन्हाळ्यातील पाण्याची गरज त्याने डोळ्यांदेखत कमी होते. पाणी सकाळी लवकर आणि मुळाशी द्यावे, कारण उमललेल्या फुलावर पाणी पडले की पराग भिजून फुकट जातो. पूर्वेच्या गॅलरीत 11 नंतर ऊन उतरत असेल तर हिरवी जाळी लावण्याची गरज नाही. लावलीच तर समोरून नव्हे, वरून लावावी, अन्यथा कीटकांची वाटच बंद होते.

फुलपाखरांसाठी फुलांपेक्षा पाने महत्त्वाची असतात, कारण मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांच्या पानांवर. कढीपत्ता आणि लिंबू यांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या दोन जाती नेमाने येतात. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले मोठे निळे-काळे ब्लू मॉरमॉनही त्याच कुळातील असून लिंबूवर्गीय झाडांवर वाढते, परंतु ते तिसऱ्या मजल्यावर वाढेलच असे आश्वासन मी देणार नाही. पानफुटीच्या मांसल पानांच्या आत रेड पिएरोची अळी पोखरत राहते, आणि हळदीकुंकू नावाच्या लाल-पिवळ्या फुलांच्या झुडपावर प्लेन टायगर. आता यातला कठीण भाग सांगते. कढीपत्त्यावरील अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि चार अळ्या एक लहान रोप आठवड्यात ओरबाडून टाकतात. फुलपाखरू हवे असेल तर हे सोसावे लागते. मी कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवते, फोडणीच्या झाडावर अळी दिसली की तिला पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवते.

संध्याकाळच्या पाहुण्यांचीही सोय करावी, कारण आपल्या दुधीचे भवितव्य त्यांच्यावर आहे. गुलबक्षी दुपारी 4 नंतर उमलते, निशिगंध रात्री दरवळतो. दोन्ही कुंडीत चांगले येतात आणि लांब सोंडेच्या पतंगांना ओळखीचे आहेत. त्या वेळी गॅलरीतला दिवा मात्र बंद ठेवावा, कारण पतंग फुलाऐवजी दिव्याभोवती फिरत राहतो. लाल एकेरी जास्वंद लावली तर शिंजीर पक्षी येईल. मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी म्हणून जास्वंद लावण्यात अर्थ नाही. घाणेरीवर फुलपाखरे तुटून पडतात हे खरे असले तरी ती लावू नये, असे माझे मत आहे. तिचे बी पक्ष्यांमार्फत टेकड्यांवर जाते आणि तेथील देशी झुडपांचा जीव घेते.

उन्हाळ्यात फुलांइतकेच पाणी महत्त्वाचे आहे. पोळे थंड राखण्यासाठी मधमाश्या पाणी वाहून नेतात. मातीची उथळ ताटली घ्यावी, तिच्यात खडे असे रचावेत की त्यांची डोकी पाण्याबाहेर राहतील, आणि ती सावलीत एकाच जागी ठेवावी. साखरपाणी ठेवू नये, त्याने मुंग्या आणि भांडणे दोन्ही वाढतात. पाणी रोज ओतून ताटली घासावी. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी बदलणे पुरेसे नाही.

फवारणीविषयी मी थोडी कठोर आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके पानांवर टाकली किंवा मातीत घातली तरी रसाबरोबर फुलातील मधात व परागात उतरतात. याच कारणास्तव युरोपीय संघाने 2018 मध्ये या गटातील तीन औषधांचा उघड्यावरील वापर बंद केला. फुलावरच्या कुंडीत ती कधीही वापरू नयेत. निंबोळी तेल हा सौम्य उपाय असला तरी ते साबणात मिसळून थेट माशीच्या अंगावर पडले तर तीही मरते, म्हणून ते सूर्यास्तानंतर, फक्त पानांच्या खालच्या बाजूस, आणि दुधीची त्या संध्याकाळची फुले टाळून मारावे. रोपवाटिकेतून आणलेल्या फुललेल्या रोपाची पहिली फुले मी खुडून टाकते, कारण तेथे काय फवारले आहे ते आपल्याला कळत नाही. एकदा एका सोसायटीत मी दोन वर्षे जोपासलेली गच्ची डासांसाठी केलेल्या एका दुपारच्या धुरळणीने सुनी झाली. त्यानंतर मी प्रत्येक ग्राहकाला सोसायटीच्या फवारणीचे वेळापत्रक आधी विचारते. शक्य असल्यास ती संध्याकाळी उशिरा करावी, असा अर्ज आपणही द्यावा.

गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडेला रुपयाच्या नाण्याने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर औषध शोधू नये. ते पाने कातरणाऱ्या माशीचे काम आहे. ती ते तुकडे नळीत रचून पिलांसाठी खोल्या करते आणि झाडाचे काही बिघडत नाही. तिच्यासाठी एका टोकाला गाठ असलेले, 6 ते 10 मिलिमीटर पोकळीचे, वीतभर लांब बांबूचे तुकडे जुडी बांधून, पावसाचे झोत लागणार नाहीत असे आडवे टांगावेत. पहिल्या वर्षी कोणी आले नाही तरी जुडी हलवू नये.

राहिला पेटीचा प्रश्न. माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. सातेरीची एक वसाहत हजारो माश्यांची असते, ती एक-दीड किलोमीटरच्या परिसरातून अन्न गोळा करते आणि तिला नियमित तपासणारा प्रशिक्षित हात लागतो. 4 फूट रुंदीच्या गॅलरीत पेटी ठेवली तर आपल्या आणि तिच्या येण्याजाण्याची वाट एकच होईल. शिवाय आपल्या वेलाला पेटीची गरज नाही, त्यासाठी वर सांगितलेली संध्याकाळची पाच मिनिटे पुरतात. तरीही मधुमक्षिकापालनाची ओढ असेल तर पुण्यातच 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तेथे आधी प्रशिक्षण घ्यावे आणि पेटी एखाद्या शेतावर ठेवावी.

घरात लहान मूल आहे आणि दंशाची भीती वाटते, असेही आपण लिहिले आहे. फुलावर बसलेली माशी कामात असते, तिला चिरडले किंवा मुठीत धरले तरच ती नांगी मारते. मधमाशीने दंश केलाच तर काटेरी नांगी त्वचेत राहते, ती नखाने चटकन खरवडून काढावी. अंगभर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. कोणाला पूर्वी असा त्रास झाला असेल तर फुलांच्या कुंड्या दारापासून दूर, कठड्याच्या टोकाला ठेवाव्यात. आग्याचे पोळे इमारतीवर लागले तर दगड, धूर किंवा पाण्याचा फवारा हे उद्योग कोणीही करू नयेत, आणि रात्री त्या बाजूचे प्रखर दिवे बंद ठेवावेत, कारण या माश्या अंधारातही प्रकाशाकडे येतात. गजावर लागलेले तळहाताएवढे पोळे मात्र फुलोरीचे असते. ती स्वभावाने भित्री असून अन्न कमी पडले, ऊन फार झाले किंवा मुंग्या लागल्या की स्वतःच जागा बदलते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असे पोळे तीन वेळा लागले. त्या दिवसांत मी खिडकीचे तेवढे एक दार उघडत नसे आणि खालच्या गजावर फडकी वाळत घालत नसे, याहून अधिक काही करावे लागले नाही.